कॉलिन चॅपमन

अँथनी कॉलिन ब्रूस चॅपमन (१९ मे, १९२८ - १६ डिसेंबर, १९८२) हे ब्रिटिश अभियंते, मोटार-रचनाकार, उद्योजक आणि लोटस या स्पोर्ट्स कार कंपनीचे संस्थापक होते. टीम लोटस या त्यांच्या शर्यत-संघाने त्यांच्या हयातीत फॉर्म्युला वन स्पर्धेत सात वेळा रचनाकारांचे आणि सहा वेळा चालकांचे विश्वविजेतेपद मिळवले. गाडीचे वजन शक्य तितके कमी ठेवावे, तिचा सांगाडा ताठ असावा, स्प्रिंगा मात्र मऊ असाव्यात आणि त्या मऊ स्प्रिंगांचे हेलकावे चांगल्या शॉक अ‍ॅब्सॉर्बरांनी शमवावेत, हा विचार त्यांनी रस्त्यावरच्या आणि शर्यतीच्या अशा दोन्ही प्रकारच्या गाड्यांत आयुष्यभर राबवला. त्यांच्या गाड्यांचा वेग आणि नाजूकपणा या दोन्ही गोष्टी त्याच विचारातून आल्या. म्हणूनच मोटार अभियांत्रिकीच्या इतिहासात त्यांचे नाव जितक्या आदराने घेतले जाते तितक्याच वादासह घेतले जाते.

बालपण आणि शिक्षण

चॅपमन यांचा जन्म इंग्लंडमधील सरे परगण्यात रिचमंड येथे झाला. त्यांचे वडील स्टॅनली चॅपमन हे उत्तर लंडनमधील हॉर्न्सी भागात रेल्वे हॉटेल नावाचे हॉटेल चालवत असत आणि कॉलिन यांचे बालपण त्याच परिसरात गेले. स्टेशनर्स कंपनीज स्कूलमधील शालेय शिक्षणानंतर १९४५ साली त्यांनी युनिव्हर्सिटी कॉलेज लंडन येथे स्थापत्य अभियांत्रिकीसाठी प्रवेश घेतला. विद्यापीठाच्या हवाई पथकात ते विमान चालवण्यास शिकले. विमानाची ही आवड पुढे कधीच सुटली नाही. काही काळ त्यांनी ब्रिटिश हवाई दलात काम केले, पण तेथे कायम राहणे पत्करले नाही. त्यानंतर ब्रिटिश अ‍ॅल्युमिनियम कंपनीत त्यांनी नोकरी धरली.

मोटारींचे औपचारिक शिक्षण त्यांना मिळालेले नव्हते, ही गोष्ट त्यांचे पुढचे काम समजून घेताना महत्त्वाची ठरते. पूल आणि इमारती यांच्या सांगाड्यांवर भार कसा वाहतो, कोणती कांब दाबली जाते आणि कोणती ताणली जाते, याचा अभ्यास करून आलेला हा अभियंता होता. मोटारीकडेही त्यांनी चाकांवर ठेवलेला एक सांगाडा म्हणूनच पाहिले.

पहिल्या गाड्या

विद्यार्थिदशेत चॅपमन एका मित्राबरोबर जुन्या मोटारींच्या खरेदी-विक्रीचा धंदा करत असत. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये पेट्रोलचे रेशनिंग चालूच होते. १९४७ साली खाजगी वापराचा मूळ कोटाही बंद झाला आणि जुन्या गाड्यांचा बाजार एकाएकी बसला. हाती उरलेली एक जुनी ऑस्टिन सेव्हन विकली जाईना. तेव्हा तिचे वरचे अंग काढून टाकून त्या जागी प्लायवूड आणि अ‍ॅल्युमिनियमचे हलके अंग बसवावे आणि चिखला-डोंगरातल्या ‘ट्रायल’ स्पर्धांसाठी ती वापरावी, असे त्यांनी ठरवले. हे काम त्यांची मैत्रीण हेझल विल्यम्स यांच्या वडिलांच्या घरामागील एका गॅरेजमध्ये चालले. १९४८ साली पुरी झालेली ही गाडी म्हणजेच पहिली लोटस. लोटस म्हणजे कमळ, पण हे नाव त्यांनी का निवडले हे चॅपमन यांनी अखेरपर्यंत उघड केले नाही. ते हेझल यांचे लाडाचे नाव असावे, असा एक तर्क नेहमी केला जातो.

१९५१ सालच्या तिसऱ्या गाडीने त्यांच्या स्वभावाची चुणूक दाखवली. ऑस्टिन सेव्हनच्या इंजिनात दोन-दोन सिलिंडरांना मिळून एकच प्रवेशमार्ग असे. तो मार्ग आतून विभागून प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र हवा मिळेल अशी युक्ती चॅपमन यांनी केली. स्पर्धेच्या नियमांत तशी मनाई नव्हती. त्यांची गाडी इतरांच्या इतकी पुढे जाऊ लागली की संयोजकांना नियमच बदलावा लागला. नियमांचा शब्द काय सांगतो याबरोबरच तो काय सांगत नाही, हे वाचण्याची ही सवय पुढे तीस वर्षे टिकली.

१ जानेवारी, १९५२ रोजी वडिलांच्या हॉटेलामागील जुन्या तबेल्यात लोटस इंजिनिअरिंग कंपनी सुरू झाली. भांडवल म्हणून हेझल यांनी २५ पौंड उसने दिले होते. १९५४ साली दोघांचा विवाह झाला. या दाम्पत्यास जेन, सारा आणि क्लाइव्ह अशी तीन अपत्ये झाली. हेझल यांनी स्वतः लोटस गाड्या शर्यतींत चालवल्या आणि सुरुवातीच्या काळात कंपनीचा व्यवहारही सांभाळला. कंपनीच्या इतिहासात त्यांचा उल्लेख पुष्कळदा केवळ पत्नी म्हणून होतो, तो अपुरा आहे.

सहाव्या क्रमांकाची लोटस ही सुट्या भागांच्या स्वरूपात विकली जाणारी पहिली गाडी होती. तिचा नळ्यांचा सांगाडा जेमतेम २५ किलोंचा होता. ब्रिटनमध्ये तयार मोटारीवर खरेदी-कर होता, सुट्या भागांवर नव्हता. त्यामुळे तरुण, हौशी आणि बेताच्या उत्पन्नाचे लोक घरीच गाडी जोडून घेत. १९५७ सालच्या लोटस सेव्हनने हाच मार्ग पुढे नेला. जोडणीच्या सूचना दिल्यास कर लागू होईल म्हणून ग्राहकांना गाडी सुटी कशी करावी याच्या सूचना दिल्या जात आणि त्या उलट क्रमाने वाचायच्या असत, अशी आठवण सांगितली जाते. सेव्हनचे हक्क १९७३ साली केटरहॅम या कंपनीने घेतले आणि तिच्या आवृत्त्या त्यानंतरही बनत राहिल्या.

सस्पेंशनविषयीचा विचार

चॅपमन यांचे अभियांत्रिकीतील खरे योगदान समजण्यासाठी स्प्रिंग आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर यांची कामे वेगळी करून पाहावी लागतात. शॉक अ‍ॅब्सॉर्बर हे नाव मुळातच थोडे फसवे आहे. रस्त्याचा धक्का प्रथम सोसते ती स्प्रिंग. पण दाबलेली स्प्रिंग घेतलेली ऊर्जा परत करते आणि गाडी खालीवर हेलकावत राहते. ही ऊर्जा संपवण्याचे काम शॉक अ‍ॅब्सॉर्बर करतो. त्याच्या नळीतला दट्ट्या तेलात पुढेमागे सरकतो, तेल बारीक झडपांतून जबरदस्तीने वाहते आणि गतीचे रूपांतर उष्णतेत होते. म्हणून अभियंते त्याला डँपर म्हणणे पसंत करतात. स्प्रिंग दबताना एक विरोध आणि ती पुन्हा ताणली जाताना दुसरा विरोध, असे त्याचे दोन भाग असतात. रस्त्यावरच्या गाडीत बहुधा ताणतानाचा विरोध जास्त ठेवला जातो.

त्या काळातील बहुतेक स्पोर्ट्स कारमध्ये याच्या उलट समजूत प्रचलित होती. वळणावर गाडी कलू नये म्हणून स्प्रिंगा अतिशय कडक ठेवल्या जात. सांगाडा मात्र लवचीक असे. परिणामी चाके खडबडीत रस्त्यावर उड्या मारत आणि सांगाडाच एखाद्या स्प्रिंगसारखा पीळ खात असे. या पिळाला शमवणारा कोणताही डँपर नसतो, म्हणून अशी गाडी नेमकी कशी वागेल याचा अंदाज चालकाला येत नाही. चॅपमन यांनी हा क्रम उलटा केला. आधी सांगाडा ताठ करायचा, मग गाडीचे वजन आणि विशेषतः चाकांबरोबर हलणाऱ्या भागांचे वजन उतरवायचे, गुरुत्वमध्य खाली आणायचा आणि त्यानंतर स्प्रिंगा मऊ ठेवायच्या. चाक मऊ स्प्रिंगवर असेल तर ते रस्त्याचा प्रत्येक उंचवटा अनुसरते आणि टायरची पकड सुटत नाही. अशा रचनेत डँपरच्या निवडीला असाधारण महत्त्व येते, कारण मऊ स्प्रिंगचे लांब हेलकावे आवरणारा तोच एकटा असतो.

या विषयातील त्यांची ख्याती लवकरच पसरली. १९५६ साली व्हॅनवॉल संघाने आपल्या ग्रांप्री गाडीचा सांगाडा आणि सस्पेंशन यांची रचना त्यांच्याकडे सोपवली, तर वायुगतिकीचे काम फ्रँक कॉस्टिन यांच्याकडे दिले. याच गाडीने पुढे १९५८ साली रचनाकारांचे पहिलेवहिले विश्वविजेतेपद मिळवले. त्याच वर्षी, म्हणजे १९५६ साली, रॅंस येथील फ्रेंच ग्रांप्रीत चॅपमन स्वतः व्हॅनवॉल चालवणार होते. पण सरावात त्यांची गाडी सहकारी माइक हॉथॉर्न यांच्या गाडीवर आदळली आणि ग्रांप्रीत चालक म्हणून उतरण्याचा तो एकमेव प्रसंग तेथेच संपला. बीआरएम संघालाही सस्पेंशन सुधारण्यासाठी त्यांचा सल्ला घ्यावा लागला होता.

मागच्या चाकांसाठी त्यांनी योजलेली रचना चॅपमन स्ट्रट या नावाने ओळखली जाते. फोर्ड कंपनीतील अभियंते अर्ल मॅकफर्सन यांनी पुढच्या चाकांसाठी वापरलेल्या उभ्या खांबाच्या रचनेचे हे मागच्या चाकांसाठीचे रूप होते. एका लांब खांबातच डँपर, त्याच्याभोवती स्प्रिंग आणि चाकाला बाजूने धरून ठेवण्याचे काम खुद्द चाक फिरवणाऱ्या दांड्याकडे. एका भागाकडून दोन-तीन कामे करून घेणे हे चॅपमन यांचे आवडते तंत्र होते. लोटस १२ या शर्यतीच्या गाडीत आणि १९५७ सालच्या एलीट या बंदिस्त गाडीत ही रचना वापरली गेली. एलीटचा संपूर्ण सांगाडा फायबरग्लासचा होता. दिसायला ती अत्यंत देखणी होती आणि शर्यतींतही यशस्वी ठरली, पण प्रत्येक गाडीमागे कंपनीला तोटा होत असे.

लोटस एलान

एलीटच्या तोट्यातून कंपनीला बाहेर काढले ते १९६२ साली आलेल्या एलान या उघड्या, दोन आसनी गाडीने. तिच्या रचनेचे प्रमुख रॉन हिकमन होते. तिला पाठीच्या कण्यासारखा एकच पोलादी सांगाडा होता. तो पुढे इंजिनाला आणि मागे डिफरन्शियलला कवेत घेण्यासाठी दोन्ही टोकांना फाकलेला असे. त्यावर फायबरग्लासचे अंग बसवलेले होते. फोर्डच्या इंजिनावर हॅरी मंडी यांनी रचलेले दोन कॅमशाफ्टचे डोके बसवून १,५५८ घनसेंमीचे इंजिन तयार करण्यात आले. गाडीचे वजन ७०० किलोच्या आत होते. पुढचे काही भाग ट्रायम्फच्या साध्या गाड्यांतून घेतले होते, कारण स्वतः बनवण्यापेक्षा ते स्वस्त पडत.

एलानच्या स्प्रिंगा स्पोर्ट्स कारच्या मानाने आश्चर्य वाटावे इतक्या मऊ होत्या आणि चाकांना खालीवर हलायला जागाही भरपूर होती. मागे चॅपमन स्ट्रट होताच, पण चाक फिरवणाऱ्या दांड्यांत रबरी जोड असल्याने ते दांडे चाकाला बाजूने धरून ठेवू शकत नव्हते. ते काम खाली रुंद बैठकीच्या त्रिकोणी भुजेकडे देण्यात आले. वळणावर ही गाडी थोडी कलते, पण तिचे चारही टायर रस्त्याला चिकटून राहतात. मॅक्लारेन एफ१ या गाडीचे रचनाकार गॉर्डन मरी यांनी एलानच्या स्टिअरिंगची बरोबरी आपल्याला साधता आली नाही, अशी खंत जाहीरपणे व्यक्त केली आहे. १९८९ साली आलेल्या माझ्दा एमएक्स-५ मागेही एलानचीच प्रेरणा होती. ‘दि अ‍ॅव्हेंजर्स’ या ब्रिटिश दूरचित्रवाणी मालिकेमुळे ती घरोघरी ठाऊक झाली.

आजही ब्रिटनमध्ये आणि इतरत्र काही मालक एलान रोजच्या जाण्यायेण्यासाठी वापरतात. अशा गाडीचे डँपर झिजले की नवे कोणते बसवावेत हा प्रश्न दिसतो तितका साधा नाही आणि चॅपमन यांच्या मूळ विचाराशी तो थेट भिडतो. पुढच्या बाजूला डँपर आणि त्याभोवतीची स्प्रिंग असा एकत्र भाग सहज काढता-घालता येतो. मागे मात्र डँपर म्हणजेच चाक धरणारा खांब. त्याच्या दांड्यावर केवळ उभा नव्हे तर वाकवणारा भारही येतो. त्यामुळे त्या जागी जाणारी नवी आतली नळी बरोबर मापाची असून ती खांबात हलता कामा नये. वरच्या टोकाचा रबरी टेकू सैल झाला असल्यास चांगला डँपरही खडखडतो.

बाजारात मिळणारे अनेक संच शर्यतीच्या हौसेने तयार केलेले असतात. त्यांत स्प्रिंग कडक, गाडीची उंची कमी आणि डँपर त्याला साजेसा ताठ असतो. गुळगुळीत शर्यतमार्गावर त्याचा उपयोग होतो. रोजच्या रस्त्यावर मात्र अशा संचाने एलानचा मूळ गुणच नाहीसा होतो. चाक उंचवट्यावरून उडते, फायबरग्लासच्या अंगाला हादरे बसतात आणि सांगाड्याच्या ज्या टोकांना खांब जोडलेले असतात तेथे ताण वाढतो. म्हणून रोजच्या वापरासाठी मूळ मापाच्या मऊ स्प्रिंगा कायम ठेवून, दबतानाचा विरोध बेताचा आणि ताणतानाचा विरोध पुरेसा असलेले डँपर घेणेच अधिक योग्य ठरते. कमीजास्त करता येणारे डँपर घेताना त्यांत काय बदलते हे पाहावे लागते. काहींत फक्त ताणतानाचा विरोध वाढवता येतो, तर काहींत एकाच स्क्रूने दोन्ही विरोध एकदम वाढतात. दुसऱ्या प्रकारात हेलकावे आवरण्यासाठी स्क्रू पिळला की गाडी नको तितकी आदळूही लागते. डँपरची मिटलेली आणि उघडलेली लांबीही मूळच्याइतकीच हवी. ती कमी भरली तर चाकाची खालची हालचाल अर्धवट थांबते आणि मऊ स्प्रिंग असून नसल्यासारखी होते. एका आसावरचे दोन्ही डँपर एकदम बदलावेत, हे तर कोणत्याही गाडीला लागू आहे.

दोषाचे खापर डँपरवर फोडण्यापूर्वी इतर भाग तपासावे लागतात, हेही एलानच्या बाबतीत विशेष खरे आहे. अ‍ॅक्सिलरेटर दाबताना-सोडताना गाडी गचके देते ते मागच्या रबरी जोडांना पीळ बसल्यामुळे, डँपरमुळे नव्हे. भुजांच्या टोकांची झिजलेली रबरे आणि कडक बाजूंचे टायर यांनीही गाडीची चाल बिघडते. सर्वांत महत्त्वाचा भाग अर्थात सांगाडा. गंजून कमकुवत झालेल्या सांगाड्यावर कितीही महागडे डँपर बसवले तरी ते पीळ आवरू शकत नाहीत. पुढे कंपनीने जस्ताचा मुलामा दिलेले बदली सांगाडे उपलब्ध करून दिले, त्यामुळे अनेक एलान वाचल्या.

खरेदी-कराची जागा १९७३ साली मूल्यवर्धित कराने घेतली आणि सुटे भाग विकण्यातील फायदा संपला. एलानचे उत्पादनही त्याच वर्षी थांबले. दरम्यान १९६६ साली कारखाना नॉरफोकमधील हेथेल येथे, युद्धकाळातील एका विमानतळावर हलवण्यात आला होता. तेथील धावपट्ट्यांचा उपयोग गाड्यांच्या चाचणीसाठी होऊ लागला. १९६८ साली कंपनीचे समभाग बाजारात आले आणि चॅपमन श्रीमंत झाले.

शर्यतींतील यश

१९५८ साली मोनॅको येथे टीम लोटस प्रथम फॉर्म्युला वन शर्यतीत उतरली. १९६० साली त्याच ठिकाणी स्टर्लिंग मॉस यांनी रॉब वॉकर यांच्या संघातर्फे लोटसला पहिला विजय मिळवून दिला. चॅपमन यांच्या स्वतःच्या संघाला पहिल्या विजयासाठी १९६१ सालच्या अमेरिकन ग्रांप्रीपर्यंत थांबावे लागले.

१९६२ सालच्या लोटस २५ ने शर्यतीच्या गाडीचे स्वरूपच बदलले. नळ्यांच्या सांगाड्याऐवजी विमानासारखे पत्र्याचे पोकळ कवच हाच तिचा सांगाडा होता. ती अधिक ताठ आणि अधिक हलकी होती, म्हणून तिच्या स्प्रिंगा मऊ ठेवता आल्या. स्कॉटलंडच्या जिम क्लार्क यांनी १९६३ साली दहापैकी सात शर्यती जिंकून विश्वविजेतेपद मिळवले आणि १९६५ साली ते पुन्हा जिंकले. त्याच वर्षी त्यांनी लोटस ३८ मधून इंडियानापोलिसची पाचशे मैलांची शर्यतही जिंकली. मागे इंजिन असलेल्या गाडीचा तेथील हा पहिलाच विजय होता. १९६७ सालच्या लोटस ४९ मध्ये इंजिन हाच सांगाड्याचा मागचा भाग बनला. हे कॉसवर्थ इंजिन बनवणारे कीथ डकवर्थ आणि माइक कॉस्टिन दोघेही पूर्वी लोटसमध्येच काम करत असत.

१९६८ साली लोटस गाड्या एका सिगारेट कंपनीच्या रंगांत धावू लागल्या आणि युरोपातील शर्यतींत जाहिरातींच्या पैशाचे युग सुरू झाले. १९७० साली चॅपमन यांना सीबीई हा सन्मान मिळाला. त्याच वर्षी आलेल्या पाचरीच्या आकाराच्या लोटस ७२ ने पुढील काही वर्षांत वीस ग्रांप्री आणि रचनाकारांची तीन विजेतेपदे जिंकली. एमर्सन फिटीपाल्डी १९७२ साली या गाडीतून विश्वविजेते झाले.

अपघात आणि टीका

या यशाची किंमत मोठी होती. १९६० साली बेल्जियममधील स्पा येथे एकाच आठवड्याच्या अखेरीस लोटसचे चाक निखळून मॉस गंभीर जखमी झाले, स्टिअरिंग तुटून माइक टेलर जायबंदी झाले आणि अ‍ॅलन स्टेसी यांचा शर्यतीत मृत्यू झाला. स्टेसी यांच्या तोंडावर पक्षी आदळला होता, पण पहिले दोन अपघात भाग तुटल्यामुळे झाले होते. ७ एप्रिल, १९६८ रोजी जर्मनीतील होकेनहाइम येथे जिम क्लार्क मरण पावले. टायरमधील हवा गेल्याने हा अपघात झाला असावा, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. क्लार्क हे चॅपमन यांचे अत्यंत जवळचे मित्र होते आणि या आघाताने ते खचले. महिनाभरातच इंडियानापोलिस येथे माइक स्पेन्स यांचाही मृत्यू झाला. तरीही त्याच वर्षी ग्रॅहम हिल यांनी लोटसमधून विश्वविजेतेपद मिळवले.

१९६९ साली बार्सिलोना येथे हिल आणि योखेन रिंट या दोघांच्या गाड्यांवरील उंच पंख मोडून भीषण अपघात झाले. त्यानंतर रिंट यांनी चॅपमन यांना पत्र लिहून गाड्यांच्या कमकुवतपणाबद्दल आपला विश्वास उडत चालल्याचे स्पष्टपणे कळवले होते. ५ सप्टेंबर, १९७० रोजी मोंझा येथे सरावात लोटस ७२ च्या पुढच्या ब्रेकचा दांडा तुटला, गाडी कठड्यावर आदळली आणि रिंट मरण पावले. त्या वर्षाचे विश्वविजेतेपद त्यांना मरणोत्तर मिळाले. तो कठडा नीट बसवलेला नव्हता, हे चौकशीत पुढे आले. तरी ब्रेकचा दांडा तुटला नसता तर गाडी तिथपर्यंत गेलीच नसती, हा मुद्दा उरतोच.

चॅपमन चालकांच्या जिवाविषयी बेफिकीर होते, असा आरोप त्यांच्यावर अनेकदा झाला. त्या काळी सर्वच संघांत मृत्यू होत असत आणि शर्यतमार्गही असुरक्षित होते, हे खरे आहे. पण भाग किती बारीक करता येईल याची मर्यादा कागदावरील गणिताऐवजी शर्यतीत शोधण्याची लोटसची पद्धत होती, हेही नाकारता येत नाही. वजन उतरवण्याच्या ज्या आग्रहाने एलानसारखी गाडी घडली, त्याच आग्रहाचे हे दुसरे टोक होते.

जमिनीकडे खेचणारी हवा

सत्तरच्या दशकाच्या मध्यावर संघ मागे पडल्यानंतर चॅपमन यांनी टोनी रड, पीटर राइट आणि इतरांना नव्याने संशोधनास लावले. त्यातून १९७७ साली लोटस ७८ आणि १९७८ साली लोटस ७९ या गाड्या आल्या. गाडीच्या दोन्ही बाजूंना खालून उलट्या पंखाचा आकार देऊन हवेच्या जोरावर गाडी रस्त्याकडे खेचली जाई. मारिओ अँड्रेटी १९७८ सालचे विश्वविजेते झाले, पण त्यांचे सहकारी रॉनी पीटरसन मोंझा येथील प्रारंभीच्या अपघातातील जखमांमुळे दगावले.

या शोधाने चॅपमन यांच्याच जुन्या सिद्धांताला तडा गेला. हवेच्या प्रचंड दाबाखाली गाडीची जमिनीपासूनची उंची बदलू नये म्हणून स्प्रिंगा पुन्हा अतिशय कडक कराव्या लागल्या. १९७९ सालची लोटस ८० तर वेगात डॉल्फिनसारखी खालीवर होऊ लागली आणि ती दोष न सुटताच बाजूला ठेवावी लागली. चालकांना हाडे खिळखिळी करणारे हादरे बसत. यावर उपाय म्हणून १९८१ सालच्या लोटस ८८ ला एकात एक असे दोन सांगाडे देण्यात आले. बाहेरचा सांगाडा हवेचा दाब कडक स्प्रिंगांमार्फत थेट चाकांवर देई आणि आतला, चालकाचा सांगाडा मऊ स्प्रिंगांवर स्वतंत्र राही. प्रतिस्पर्धी संघांनी हरकत घेतली आणि नियंत्रक संस्थेने गाडी बाद ठरवली. या निर्णयाची कटुता चॅपमन यांच्या मनात कायम राहिली.

त्याच सुमारास राइट यांच्या नेतृत्वाखाली स्प्रिंग आणि डँपर यांचे काम संगणकाने चालवलेल्या द्रव-दट्ट्यांकडे सोपवण्याचे प्रयोग हेथेल येथे सुरू झाले. हेच पुढे सक्रिय सस्पेंशन म्हणून ओळखले गेले. १९८७ साली आयर्टन सेना यांनी अशाच सस्पेंशनच्या लोटसमधून मोनॅको आणि डेट्रॉइट येथील शर्यती जिंकल्या.

डीलोरियन प्रकरण

१९७८ साली जॉन डीलोरियन यांच्या नव्या मोटारीचा विकास करण्याचे कंत्राट लोटसला मिळाले. बेलफास्टजवळच्या या कारखान्यात ब्रिटिश सरकारचा मोठा पैसा गुंतला होता. गाडीच्या पोलादी कण्यावर लोटसच्या गाड्यांची छाप स्पष्ट दिसते. १९८२ साली डीलोरियन कंपनी बुडाली आणि विकासकामासाठी दिलेल्या लाखो डॉलरांची रक्कम पनामात नोंदलेल्या जीपीडी नावाच्या कंपनीमार्फत मधल्यामध्ये नाहीशी झाल्याचे उघडकीस आले. चौकशी पुरी होण्यापूर्वीच चॅपमन यांचे निधन झाले. त्यांचे दीर्घकाळचे आर्थिक सहकारी फ्रेड बुशेल यांना १९९२ साली बेलफास्ट येथे तुरुंगवासाची शिक्षा झाली. चॅपमन हयात असते तर त्यांना किमान दहा वर्षांची शिक्षा दिली असती, असे मत न्यायाधीशांनी त्या वेळी व्यक्त केले. चॅपमन यांना स्वतःची बाजू मांडण्याची संधी मिळाली नाही. त्यांचे चाहते या प्रकरणाचा उल्लेख टाळतात, पण चरित्रात तो टाळता येण्यासारखा नाही.

मृत्यू आणि त्यानंतर

ऑगस्ट १९८२ मध्ये ऑस्ट्रियन ग्रांप्रीत एलिओ दे अँजेलिस सेकंदाच्या अगदी लहान अंशाने विजयी झाले. विजयाच्या क्षणी धावपट्टीवर येऊन डोक्यावरची काळी टोपी हवेत भिरकावण्याची चॅपमन यांची लकब प्रसिद्ध होती. त्यांच्या हयातीतील संघाचा तो शेवटचा विजय ठरला. १६ डिसेंबर, १९८२ रोजी, ज्या दिवशी सक्रिय सस्पेंशनच्या पहिल्या फॉर्म्युला वन गाडीची चाचणी झाली त्याच दिवशी, हृदयविकाराच्या झटक्याने वयाच्या ५४ व्या वर्षी त्यांचा मृत्यू झाला. डीलोरियन प्रकरणामुळे त्यांनी मृत्यूचा बनाव रचल्याच्या अफवा पुढे बराच काळ पसरत राहिल्या. त्यांना कोणताही आधार नाही.

लोटस कंपनी १९८६ साली जनरल मोटर्सने विकत घेतली आणि त्यानंतर तिची मालकी अनेकदा बदलली. टीम लोटस १९९४ सालच्या मोसमाअखेरपर्यंत शर्यतींत उतरत राहिली. जानेवारी १९९५ मध्ये ती बंद पडली. क्लाइव्ह चॅपमन यांनी पुढे जुन्या लोटस शर्यत-गाड्यांची देखभाल करणारी क्लासिक टीम लोटस ही संस्था हेथेल येथे उभी केली. हेझल चॅपमन यांचे निधन २०२१ साली झाले.